अंतर आणि अवधी

अमुक गाव किती लांब आहे असे एखाद्या वाटसरूने विचारले, तर आपल्याकडे उत्तर सहसा मैलांत येत नाही. ‘हाकेच्या अंतरावर आहे’, ‘पान खाऊन होईतो पोचाल’, ‘दिवस मावळायच्या आत जाल’, असे सांगतात. जुनी माणसे मजलीचा हिशेब करीत. बैल न थकता आणि माणूस न कुरकुरता एका दिवसात जितके चालेल तितकी एक मजल. कोस हे माप होते खरे. पण कोसाची लांबी मुलखागणिक निराळी, आणि घाटातला कोस मैदानातल्या कोसाहून नेहमीच मोठा वाटे. विचारले जाते अंतर आणि सांगितला जातो अवधी, ही आपल्या भाषेची खोड आहे असे शाळामास्तरांना वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. वाटसरूला पाहिजे असतो तो अवधीच. अंतर घेऊन तो काय करणार?

आज आम्ही जो विषय निवडला आहे तो वरवर पाहता फार दूरचा आहे. पॅसिफिक महासागरात दोन बेटे आहेत. त्यांच्यातले विमानाचे अंतर किती आणि तेथे जायला वेळ किती लागतो, एवढाच प्रश्न. कोणी म्हणेल, यवतमाळच्या वसंत व्याख्यानमालेत पॅसिफिक कशाला? थोडा धीर धरावा. या प्रश्नाच्या उत्तराची एक वाट आपल्या उमरखेड-दिग्रसवरून जाते, हे आम्ही दाखवणार आहोत. आणि दुसरी दारव्ह्याच्या स्टेशनावरून.

बेटे ठरवून घेऊ, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. दक्षिण पॅसिफिकमध्ये सामोआ नावाचा बेटांचा समूह आहे. त्याचा पश्चिमेकडील भाग स्वतंत्र राष्ट्र आहे, त्याची राजधानी आपिया. पूर्वेकडील भाग अमेरिकेच्या ताब्यात, त्याचे मुख्य बंदर पागो पागो. या दोन गावांमधले सरळ अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे, आणि छोटे विमान ते अर्ध्यापाऊण तासात काटते. आता आपल्याकडे पाहा. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा आपला जुना छोटा लोहमार्ग, ज्याला सगळा वऱ्हाड ‘शकुंतला’ म्हणून ओळखतो, तो ११३ किलोमीटरांचा. म्हणजे दोन्ही अंतरे जवळजवळ सारखी. तिकडे पाऊण तास. इकडे किती, ते पुढे येईलच. पण तिकडची गंमत येथेच सांगून ठेवतो. आपियाहून सोमवारी सकाळी दहाला निघालेला प्रवासी पागो पागोला उतरतो तेव्हा तेथे रविवार सकाळचे पावणेअकरा झालेले असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी पोचणे हे आपल्या पुराणांतल्या विमानांनाही फारसे साधलेले दिसत नाही.

प्रथम अंतराचे पाहू. समुद्रावर मैलाचे दगड नाहीत, साखळी टाकून मोजायला जमीन नाही. मग सव्वाशे हा आकडा आला कोठून? दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश ठाऊक असले की तो गणिताने निघतो. मात्र नकाशावर पट्टी ठेवून नव्हे. आपले एक संत्रे घ्यावे, त्यावर दोन ठिपके करावे आणि एक दोरा ताणून त्या दोहोंवर धरावा. दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. तीच विमानाची वाट. पण ठिपक्यांमधील अंश मोजून झाले तरी एक अंश म्हणजे किती मैल, हे आधी कोणीतरी जमिनीवर मोजलेले असल्याखेरीज गणित पुढे सरकत नाही. शिवाय संत्र्यासारखीच पृथ्वीही दोन टोकांना किंचित चपटी आहे, म्हणून अंशाची लांबी विषुववृत्तापाशी थोडी कमी आणि ध्रुवाकडे थोडी जास्त. ही लांबी जगात ज्या थोड्या ठिकाणी मोठ्या कष्टाने मोजली गेली, त्यांत सर्वांत लांबचे एक मोजमाप हिंदुस्थानात झाले.

ते सुरू केले विल्यम लॅम्बटन या कंपनी सरकारच्या काळातील इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस टेकडीपाशी त्याने सुमारे साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजायला घेतली. नंतरचे सारे काम कोनांचे. पायारेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या तिसऱ्या टेकडीचे कोन घ्यावयाचे, त्रिकोण पुरा करावयाचा, त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा त्रिकोण उभारावयाचा, आणि असे त्रिकोणांमागून त्रिकोण रचीत उत्तरेकडे सरकावयाचे. कोन घेण्याचे त्याचे यंत्र अर्ध्या टनाचे होते. ते विलायतेहून येताना फ्रेंचांच्या हाती पडले होते आणि त्यांनी ते सौजन्याने परत पाठवले. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर ते चढवीत असता दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वाकले. तंजावरास तेव्हा आपल्या भोसल्यांचीच गादी होती. लॅम्बटनने तंबूत बसून, हातोड्याने ठोकून ठोकून, आपल्या हातांनी ते पुन्हा वर्तुळाकार केले. पृथ्वीचा आकार ज्या यंत्राने निश्चित व्हावयाचा त्याचाच आकार प्रथम असा दुरुस्त करावा लागला.

त्रिकोणांची ही माळ उत्तरेकडे बीदरजवळच्या दामरगिदापर्यंत आली. दामरगिदाचा रेखांश सुमारे ७७ अंश ४० कला. तेथून पुढे अचलपूरच्या बाजूला, नोंदींत ज्याला टाकळखेडा म्हटले आहे तेथे, १८२२ मध्ये दुसरी पायारेषा मोजली गेली. तिचा रेखांशही जवळजवळ तोच. या दोन ठिकाणांमधले अंतर तीन अंशांहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे ३३७ किलोमीटर. आता नकाशा काढावा आणि दामरगिदापासून टाकळखेड्यापर्यंत उभी रेघ ओढावी. ती पैनगंगा ओलांडून उमरखेडपाशी आपल्या जिल्ह्यात शिरते, पुसद उजव्या हाताला नव्हे तर डाव्या हाताला ठेवते, दिग्रसला जवळजवळ शिवते आणि दारव्ह्याच्या पश्चिमेने वर जाते. ज्या मोजणीने पृथ्वीचे माप बसवले तिचा एक चांगला मोठा तुकडा असा आपल्या कापसाच्या रानांवरून आणि सागाच्या टेकड्यांवरून गेलेला आहे. आपल्या शाळांतील मुलांना गंगोत्रीची उंची पाठ असते. ही रेघ मात्र शिकवली जात नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

लॅम्बटन पुढे फार जगला नाही. हैदराबादचा मुक्काम हलवून नागपुरास ठाणे करावे असे त्याने ठरवले होते. त्या प्रवासात २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटास त्याचा अंत झाला आणि तेथेच त्याचे थडगे आहे. वणीहून हिंगणघाट किती जवळ, हे आपणांस सांगावयास नको. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेले. जगातील सर्वोच्च शिखराला पुढे ज्याचे नाव दिले तोच हा गृहस्थ. त्याने १८३० मध्ये या मोजणीवरून पृथ्वीच्या आकाराचे जे आकडे बसवले, त्यांवर हिंदुस्थानचे नकाशे शंभर वर्षांहून अधिक काळ रेखले गेले. आज पॅसिफिकवरील वैमानिकाला यंत्र जे अंतर दाखवते ते कृत्रिम उपग्रहांवरून बसवलेल्या नव्या आकड्यांचे. पण त्या आकड्यांची वंशावळ मागे नेली तर ती या रेघेपाशी येतेच.

अंतराचा प्रश्न असा सुटला, आणि एकदा सुटला तो सुटला. यवतमाळ ते मूर्तिजापूर उडत्या मापाने सुमारे ८८ किलोमीटर आहे; लॅम्बटनच्या वेळी तेवढेच होते आणि आजही तेवढेच आहे. अवधीचे तसे नाही. अवधी हा माणसांनी ठरवलेला असतो, आणि बहुधा तो प्रवाशासाठी ठरवलेला नसतो. इतिहासाच्या पुस्तकांत रस्ते आणि लोहमार्ग ‘बांधले गेले’ असे लिहिलेले असते. कोणासाठी आणि कशाच्या घाईसाठी, हे त्या कर्मणी प्रयोगात बेमालूम दडून जाते.

वऱ्हाडचा कापूस लोहमार्ग येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवरून जाई. एक वाट मुंबईकडची आणि दुसरी गंगाकाठच्या मिर्झापूरकडची, सुमारे पाचशे मैलांची. हे काम बंजाऱ्यांच्या तांड्यांचे. आज पुसद-दिग्रसच्या परिसरात ज्यांची वस्ती दाट आहे, ज्यांच्यातून पुढे वसंतराव नाईकांसारखा अकरा वर्षांहून अधिक काळ राज्य चालवणारा मुख्यमंत्री निघाला, त्या समाजाचे पूर्वज या देशातले मालवाहतुकीचे खातेच होते. लादलेला बैल दिवसाला चार-पाच कोसांहून फार जात नाही. म्हणजे मिर्झापूरला दीड-दोन महिने सहज. पावसाळा गाठला तर कापूस भिजला, आणि भिजला तर चिखलासह विकावा लागे. पण तांड्याच्या या चालीत एक गोष्ट होती: मुक्काम कोठे करावयाचा हे तांड्याचा नाईक ठरवी. पाणी पाहून, चारा पाहून, आजारी माणूस पाहून. अवधी लांब होता, पण तो चालणाऱ्याच्या हातात होता. आम्ही जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी नाही. त्या वाटांवर बैल आणि माणसे किती मेली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. फक्त हा एक फरक नोंदवून ठेवतो, कारण पुढे तो उलटतो.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि त्यांची नजर वऱ्हाडावर खिळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपुरास पोचली. ही मोठी वाट आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेने निघून गेली. तेव्हा जिल्ह्याला वणीचे नाव होते. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळाले. गाडी गेली आणि आम्ही पाहत राहिलो, असा तो प्रकार. मधल्या काळ्या जमिनीचा कापूस मूर्तिजापूरपर्यंत कसा आणावयाचा, हा प्रश्न उरला. तो सोडवण्यासाठी किलिक-निक्सन या इंग्रजी पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अडीच फूट रुंदीचे रूळ घातले. मूर्तिजापूर मधोमध, एक फाटा उत्तरेस अचलपूरला आणि दुसरा आपल्याकडे.

आता त्या ८८ आणि ११३ या आकड्यांकडे पुन्हा पाहा. मधले पंचवीस किलोमीटर कोठून आले? काही थोडे चढउतारांमुळे. पण मुख्यतः असे की गाडी यवतमाळहून निघाली की मूर्तिजापूरचा रोख सोडून पश्चिमेला लाडखेडकडे, दारव्ह्याकडे वळते, तेथून कारंज्याला जाते आणि मग उत्तरेला वर चढते. दारव्हा आणि कारंजा ही कापसाची पेठ. गाडीला माणसांपेक्षा गाठी गोळा करावयाच्या होत्या, म्हणून ती गाठींच्या मागे फिरली. या वळणातील प्रत्येक मैल लँकेशायरसाठी होता. प्रवासी त्यात बसला, त्याने तिकीट काढले, त्याला आनंदही झाला. पण त्याच्या वेळेचा हिशेब आखणीत धरलेला नव्हता.

मँचेस्टरला १९२१ मध्ये तयार झालेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९२३ मध्ये आले आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ, त्याने गाडी ओढली. मग डिझेलचे इंजिन लागले. देशातील रेल्वे एकामागून एक सरकारच्या झाल्या, १९५१-५२ मध्ये त्यांचे नवे विभाग पडले, तरी हा छोटा मार्ग खाजगी कंपनीच्याच नावावर राहिला. गाडी चालवावयाची मध्य रेल्वेने आणि उत्पन्नातला वाटा द्यावयाचा कंपनीला, असा तो जुना करार. अशा दुहेरी संसारात रुळांकडे कोण लक्ष देणार? मालकाला वाटे चालवणाऱ्याने दुरुस्त करावे, चालवणाऱ्याला वाटे मालकाचे आहे. शेवटच्या काळात वेगाची मर्यादा ताशी २० किलोमीटरांच्या आसपास उतरली. नुसते भागून पाहिले तरी ११३ किलोमीटरांना साडेपाच तासांहून अधिक, आणि थांबे निराळे. स्टेशनांवर माणसे उरली नव्हती, तेव्हा तिकिटेही गार्डच देई. इतके असूनही गाडीत जागा मिळत नसे. सडकेने जाणारी मोटार निम्म्याहून कमी वेळात पोचवी, पण तिचे भाडे कितीतरी पट. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्याजवळ वेळ भरपूर असतो, असे आपण गृहीत धरून चालतो. वस्तुतः मजुरी बुडते ती त्याचीच. दिवसभर गाडीत बसणाऱ्या बाईने तिकिटाचे जे वाचवले ते दिवसाच्या रोजीत घातले, हे तिकिटाच्या कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही. २०२० पर्यंत या मार्गावरील गाड्या थांबल्या आणि मग हा हिशेबही उरला नाही.

जमिनीवरून आता थोडे आकाशात जाऊ. पण पॅसिफिकपूर्वी नागपूरला थांबू, कारण अवधी माणसाने ठरवल्यास काय होऊ शकते याचे उत्तम उदाहरण तेथे घडले. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारी शहरांतून रात्री एकेक डाकोटा विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारीही नागपुरास उतरत. नागपूरहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कलकत्ता ९८५. चार दिशांना इतकी जमलेली अंतरे दुसऱ्या कोणत्या शहराच्या वाट्याला आलेली नाहीत. धावपट्टीवर टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई, मुंबईची पिशवी दिल्लीच्या विमानात, दिल्लीची मद्रासच्या. आणि पहाटेपूर्वी विमाने आपापल्या गावी परतत. रात्री मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात. त्याच वर्षी देशातली पत्रे जादा आकाराशिवाय विमानाने नेण्याची योजनाही निघाली, तेव्हा हे भाग्य श्रीमंतांपुरते राहिले नाही.

पुढे वेगवान विमाने आली, त्यांना मध्ये उतरण्याची गरज राहिली नाही आणि नागपूरची ही मध्यरात्रीची जत्रा उठली. तिच्यात आपल्या दृष्टीने सांगण्यासारखी गोष्ट निराळी आहे. कलकत्त्याचे पत्र नागपुरास जवळजवळ हजार किलोमीटर तीनचार तासांत येई. तेथून यवतमाळ सडकेने दीडशे किलोमीटर. हे दीडशे काही विमानाच्या हिशेबात नव्हते. लांबचे जवळ आले आणि जवळचे होते तेथेच राहिले.

असेच काहीसे १ नोव्हेंबर १९५६ रोजी घडले. त्या दिवशीपर्यंत आपली राजधानी नागपूर होती. राज्यांची पुनर्रचना झाली आणि ती मुंबई झाली. यवतमाळहून मुंबई उडत्या मापाने सुमारे ५७० किलोमीटर. आम्ही संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचेच आहोत, तेव्हा कोणी गैरसमज करून घेऊ नये. पण ज्याला कचेरीत एका कागदावर सही हवी होती त्याच्या दृष्टीने त्या एका रात्रीत कागद चारशे किलोमीटर दूर गेला, हे खरे आहे. जमीन तसूभर हलली नव्हती.

आता बेटांकडे. पॅसिफिकमध्ये विमाने येण्यापूर्वी कित्येक शतके तेथील लोक होड्यांतून हजारो मैल जात होते, आणि त्यांच्यापाशी ना होकायंत्र ना घड्याळ. कॅरोलाइन बेटांतील नावाड्यांची अंतर मोजण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. ते म्हणतात, होडी जागीच उभी आहे. हलतात ती बेटे. जायचे ते बेट समोरून जवळ येत आहे, निघालेले बेट मागे सरत आहे. बाजूला दूर, न दिसणारे असे एक तिसरे बेट ते मनात धरतात. निघताना ते एका ताऱ्याच्या उगवतीखाली असते. प्रवास जसा होतो तसे ते पुढच्या ताऱ्याखाली सरकते, मग त्याच्या पुढच्या. तिसरे बेट एका ताऱ्याखालून दुसऱ्याखाली गेले की प्रवासाचा एक टप्पा संपला. या टप्प्याला ते ‘एटाक’ म्हणतात. आगगाडीत बसलेल्या लहान मुलाला झाडे मागे पळताना दिसतात आणि आपण त्याला हसतो. या लोकांनी त्या दृष्टीवरच अख्खे नौकाशास्त्र उभारले. आमच्या मते एटाक ही आपल्या मजलीचीच बहीण आहे. दोहोंत अंतर आणि अवधी वेगळे काढताच येत नाहीत.

हे सारे दंतकथा नव्हे हे दाखवण्यासाठी १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ नावाची जुन्या धर्तीची जोडहोडी हवाई बेटांतून निघाली. नावाडी होता सातावाल बेटावरचा माऊ पियाईलुग. १ मे रोजी निघून ४ जूनला ती ताहितीच्या पापीते बंदरात लागली. कोणतेही यंत्र न वापरता चार हजार किलोमीटरांहून अधिक समुद्र, महिन्याहून किंचित जास्त काळात. जेट विमानाला हेच अंतर साधारण सहा तासांचे. पण विमान रोज असतेच असे नाही. या बेटांची वस्ती थोडी, उतारू थोडे. कित्येक बेटांच्या जोड्यांमध्ये विमान आठवड्यातून एकदोनदाच जाते. नौरू आणि तारावा या बेटांत सुमारे सातशे किलोमीटर अंतर आहे. उडण्याचा वेळ दोन तासांच्या आत, पण आजचे विमान चुकले तर पुढचे किती दिवसांनी, यावर खरा अवधी ठरतो. वेळापत्रकाच्या पुस्तकात उडण्याचा वेळ छापतात. वाट पाहण्याचा छापत नाहीत.

आणि सोमवारी निघून रविवारी पोचण्याचे काय? त्यासाठी आपल्याच घड्याळाकडे पाहावे. १९०६ पासून आपल्याकडे जो भारतीय प्रमाणवेळ चालतो तो साडेब्याऐंशी रेखांशाचा. यवतमाळ ७८ रेखांशाच्या जरा पुढे, म्हणून येथे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर यायला अजून सतरा-अठरा मिनिटे असतात. ही थोडी लबाडी आपण सोयीसाठी पत्करली. अशीच लबाडी जगभर चालवीत गेले की पॅसिफिकमध्ये एक रेघ येते, जिच्या एका बाजूला आजचा वार आणि दुसऱ्या बाजूला कालचा. ही रेघ कोठून न्यावयाची हे मात्र सूर्य सांगत नाही. सामोआचा व्यापार १८९२ मध्ये अमेरिकेशी वाढला होता, तेव्हा व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी बेटे रेघेच्या पूर्वेस घेतली आणि त्या वर्षी ४ जुलै हा दिवस दोनदा पाळला. ४ जुलै हा अमेरिकेचा राष्ट्रीय सण. निवड काही आंधळी नव्हती. पुढे व्यापार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी वाढला. इकडे शुक्रवार म्हणजे तिकडे शनिवारची सुट्टी, तिकडे सोमवार म्हणजे इकडे रविवार. आठवड्याचे दोन कामाचे दिवस फुकट जात. म्हणून २०११ च्या डिसेंबरात सामोआने रेघेच्या पश्चिमेस उडी मारली. गुरुवार २९ तारखेच्या रात्री लोक झोपले आणि उठले ते शनिवारी ३१ ला. ३० डिसेंबर २०११ हा शुक्रवार त्यांच्या आयुष्यात आलाच नाही. अमेरिकेच्या ताब्यातील सामोआ जेथल्या तेथे राहिला. म्हणून सव्वाशे किलोमीटरांवरचे आप्त आज एका दिवसाने दूर आहेत. एका बाजूच्या आजीने रविवारी नातवाचा वाढदिवस केला तर दुसऱ्या बाजूच्या आजीचा रविवार उद्यावर असतो.

दारव्ह्याच्या गाठींनी लोहमार्ग वळवला, तसा न्यूझीलंडच्या व्यापाराने वार वळवला. आम्ही व्यापाराला दोष देत नाही. व्यापार नसता तर यवतमाळला गाडीच आली नसती आणि सामोआला विमान. मात्र व्यापार उठून दुसरीकडे गेला की त्याने आखून दिलेला अवधी मागे उरतो आणि माणसे त्यात अडकतात, तेवढे पाहण्यासारखे आहे.

यवतमाळजवळ भारी गावापाशी विमानांची धावपट्टी आहे; पण नियमित प्रवासी विमाने तेथे रुजली नाहीत. मुंबईस विमानाने जायचे तर आधी नागपूर गाठावे, म्हणजे पश्चिमेस जाण्यासाठी प्रथम ईशान्येस सडकेने तीन तास जावे, तेथे तासदोन तास थांबावे, आणि मग दीड तास उडावे. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये पुरा खुला झाला. तो दहा जिल्ह्यांतून जातो. आपला जिल्हा त्या दहांत नाही. कारंज्यापाशी मात्र तो जवळ येतो, आणि ज्यांना मोटार परवडते ते तेथे जाऊन त्याला मिळतात. शकुंतलेच्या काळीही मोठी वाट अशीच उत्तरेने गेली होती, आणि तिला गाठण्याचा रस्ता तेव्हाही कारंज्यावरूनच होता.

रुंद रुळांचे म्हणाल तर वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरांचा मार्ग हाती घेतलेला आहे. तो पुरा झाला म्हणजे लॅम्बटनच्या रेघेप्रमाणेच दक्षिणोत्तर जाणारी एक वाट या जिल्ह्याला मिळेल. त्यातील वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला आपण सारेच जातो, तेव्हा पुढचे अंतर सर्वांना ठाऊक आहे. उडत्या मापाने ते वीस-बावीस किलोमीटर भरते. तांड्याच्या हिशेबाने दीड मजल.